थर्मामीटर १०५ दाखवतो तेव्हा: विषाणूजन्य आजारातला अतितीव्र ताप घरी कसा हाताळावा

सप्टेंबरातल्या एका रात्री पावणेदोनच्या सुमारास माझ्या आठ वर्षांच्या मुलाच्या काखेतून काढलेल्या थर्मामीटरवर १०५.२ हा आकडा दिसला, तेव्हा मी सर्वांत आधी थर्मामीटर झटकला. तो डिजिटल होता, त्यामुळे झटकून काहीच उपयोग नव्हता. पण पाऱ्याच्या थर्मामीटरवर पोसलेल्या हाताची सवय सुटत नाही. सासूबाई कोलन वॉटरची बाटली शोधत होत्या आणि नवरा गाडीची किल्ली. मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी आकडा ऐकून घेतला आणि लागोपाठ तीन प्रश्न विचारले: "तुमच्याशी नीट बोलतोय का? पाणी पोटात ठरतंय का? शू शेवटची कधी केली?" थर्मामीटर कुठे लावला होता आणि अंगावर पांघरुणे किती होती, हे त्यांनी त्यानंतर विचारले.

प्रश्नांच्या त्या क्रमात विषाणूजन्य तापाचे बरेचसे शास्त्र होते, हे मला पुढच्या पाच दिवसांत कळले. मी डॉक्टर नाही. त्या आजारपणात आणि नंतर डॉक्टरांना विचारून विचारून जे समजले, ते पुण्यासारख्या शहरात राहणाऱ्या कुटुंबाला रात्री-अपरात्री वापरता यावे, अशा क्रमाने येथे मांडले आहे. हे वाचून डॉक्टरांकडे जाणे टाळावे असा याचा अर्थ नाही. केव्हा सकाळपर्यंत थांबता येते आणि केव्हा एक मिनिटही थांबायचे नसते, हे ओळखता यावे एवढाच हेतू आहे.

आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही

शरीराचे तापमान १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस, किंवा त्याहून अधिक झाले की त्याला ताप म्हणतात. साध्या सर्दी-पडशाच्या विषाणूंमुळे तो बहुधा १०१ ते १०३ च्या दरम्यान राहतो. मात्र डेंग्यू, चिकुनगुन्या, इन्फ्लुएन्झा, गोवर, अॅडिनोव्हायरस आणि तान्ह्या मुलांमधला रोझिओला हे विषाणूजन्य आजार १०४ किंवा १०५ पर्यंत सहज जातात. १०६.७ अंशांच्या, म्हणजे ४१.५ सेल्सिअसच्या, वरच्या तापमानाला वैद्यकीय भाषेत अतिज्वर म्हणतात. निव्वळ विषाणूमुळे इतका ताप चढणे विरळा असते, परंतु अशक्य नसते.

आपल्या मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा एक लहानसा भाग आहे. गिझरला जसे तापमान ठरवून देणारे बटण असते, तसेच त्याचे काम असते. विषाणू शिरला की पांढऱ्या पेशी काही रसायने सोडतात, त्यांच्यामुळे प्रोस्टाग्लॅन्डिन तयार होते आणि ते बटण ९८.६ वरून, समजा, १०४ वर सरकते. आता शरीर ९९ वर असले तरी मेंदूला ते थंड वाटते, म्हणून हुडहुडी भरते, हातपाय गार पडतात आणि कपाळ मात्र भाजत असते. ठरलेल्या अंशावर पोहोचल्यावर थंडी थांबते. बटण पुन्हा खाली आले की दरदरून घाम फुटतो. संसर्गात हे बटण मेंदूच्याच ताब्यात असल्यामुळे ताप सहसा अनिर्बंध वाढत जात नाही. "ताप डोक्यात गेला" असे आपल्याकडे म्हणतात आणि त्या धास्तीने दर अर्ध्या तासाला औषध पाजतात. परंतु केवळ तापमानामुळे मेंदूला इजा होण्याची भीती साधारणपणे १०७.६ अंशांच्या वरच असते. मेंदूज्वरात मेंदूला इजा होते ती संसर्गामुळे. ताप हा त्या संसर्गाचा सोबती असतो.

म्हणून १०५ चा आकडा पाहून आजार किती गंभीर आहे हे ठरवता येत नाही, आणि तो विषाणूचा आहे की जिवाणूचा हेही ठरवता येत नाही. पॅरासिटामॉलने ताप उतरला म्हणजे आजार साधा, हा समजही तितकाच चुकीचा आहे, कारण गंभीर जिवाणूसंसर्गातला तापही त्याने उतरतो. १०६ च्या आसपास गेलेल्या मुलांमध्ये दोन्ही प्रकारचे संसर्ग सापडतात, कधी एकाच वेळी दोन्ही. त्यामुळे इतका ताप असेल तर मूल खेळत असले तरीही त्याच दिवशी डॉक्टरांनी त्याला तपासलेच पाहिजे.

पहिले काम: नीट मोजणे

थंडी वाजते म्हणून दोन रजया गुंडाळलेल्या मुलाचे, नुकताच गरम काढा प्यायलेल्या माणसाचे किंवा उन्हातून आलेल्या कोणाचेही तापमान लगेच मोजू नये. पांघरूण काढून, पंखा मंद ठेवून पंधरा-वीस मिनिटे थांबावे. काखेतला घाम पुसून, थर्मामीटरचे टोक काखेच्या खळग्यात नेमके बसवून हात छातीशी घट्ट धरावा आणि आवाज होईपर्यंत हलवू नये. काखेतले तापमान तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा ते एक अंश कमी दिसते. मनाने अंश मिळवून सांगण्याऐवजी "काखेत १०४" असे सांगावे, म्हणजे डॉक्टर आपला हिशेब करतात. कपाळासमोर धरायची बंदूक सोसायटीच्या फाटकावर ठीक आहे. आकडा अनपेक्षितपणे मोठा किंवा लहान दिसला तर साध्या थर्मामीटरने पडताळून घ्यावा. पाऱ्याचा थर्मामीटर अजून घरात असेल तर तो फुटण्याआधी निवृत्त करावा.

तीन महिन्यांच्या आतील बाळाला १००.४ च्या वर कितीही ताप असला तरी पुढचे काहीही न वाचता त्याला रुग्णालयात न्यावे. त्या वयात संसर्ग किती खोल गेला आहे, हे बाहेरून दिसत नाही.

दुसरे काम: माणसाकडे बघणे

आकडा कागदावर लिहून थर्मामीटर बाजूला ठेवावा आणि पाच मिनिटे फक्त रुग्णाकडे पाहावे. तापाने फणफणलेले मूल रडते, चिडचिड करते, अंगावरून उतरत नाही. हे सगळे त्यातल्या त्यात बरे लक्षण आहे, कारण ते आईला ओळखते आहे आणि त्याच्या अंगात रडण्याइतके बळ आहे. हाक मारूनही डोळे न उघडणारे, दूध न ओढणारे, कण्हत निपचित पडलेले मूल १०१ तापातही अधिक काळजीचे असते.

तापाच्या शिखरावर काही जण थोडे बरळतात. माझ्या मुलाने त्या रात्री भिंतीवरच्या कॅलेंडरातून मुंग्या बाहेर येत आहेत असे सांगितले होते. ताप अंश-दोन अंश उतरल्यावर हे थांबायला हवे. ताप कमी होऊनही माणूस घरच्यांना ओळखत नसेल, असंबद्ध बोलत असेल किंवा पुन्हा पुन्हा ग्लानीत जात असेल, तर सकाळची वाट पाहू नये.

त्याच वेळी श्वास मोजावेत. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट छाती-पोटाची हालचाल मोजावी. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंतच्या बाळाचे ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक श्वास होत असतील, बरगड्यांखाली खड्डे पडत असतील, तर न्यूमोनियाची शंका घ्यावी. कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात असेलच. त्यातल्या बॅटऱ्या बदलून बोट उबदार असताना तो लावावा. ९४ च्या खालचा आकडा पुन्हा पुन्हा आला तर थांबू नये.

अंगावर लाल किंवा जांभळे ठिपके असतील तर त्यांच्यावर काचेचा पेला दाबून पाहावा. दाबाखाली न मावळणारे ठिपके हे त्वचेखालच्या रक्तस्रावाचे चिन्ह आहे. हे ठिपके, मान आखडून हनुवटी छातीला न लागणे, प्रखर डोकेदुखीसह सारख्या उलट्या, पाच मिनिटांहून लांबलेला झटका (आकडी), ओठ निळसर होणे, नाका-हिरड्यांतून किंवा शौचावाटे रक्त जाणे, आठ तासांत लघवीच न होणे: यांपैकी एकही गोष्ट दिसली की रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करावा, किंवा ओळखीची गाडी लगेच मिळत असेल तर तिने निघावे. पेठांमधून ससून किंवा रास्ता पेठेतले केईएम रात्री पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर असते, पण धायरी किंवा वाघोलीहून निघणाऱ्याने आपल्या घराजवळचे, चोवीस तास तातडीचा विभाग चालवणारे रुग्णालय कोणते, हे धडधाकट असतानाच शोधून ठेवावे.

लहान मुलांच्या बाबतीत वागणुकीला इतके महत्त्व का द्यायचे, याचे एक उदाहरण महाराष्ट्राच्या मातीतलेच आहे. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा येथील तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला एक नवा विषाणू सापडला आणि गावाचेच नाव त्याला मिळाले. १९५२ मध्ये स्थापन झालेले हेच केंद्र १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे आपली एनआयव्ही, झाले. वाळूमाशीमुळे पसरणाऱ्या चांदीपुरा आजारात खणखणीत ताप चढतो आणि उलट्या, झटके, बेशुद्धी हे सगळे कधी कधी एक-दोन दिवसांतच घडते. अशा मुलाच्या थर्मामीटरवरचा आकडा फ्लूच्या मुलापेक्षा वेगळा नसतो.

तिसरे काम: औषध वजनावर देणे

तापाचे औषध रुग्णाला बरे वाटावे आणि तो पाणी पिऊ शकावा यासाठी असते, आकडा ९८.६ वर आणण्यासाठी नव्हे. १०५ चा ताप १०२.५ वर येऊन मूल उठून बसले, पाणी प्यायले, तर औषधाने आपले काम केले.

पॅरासिटामॉलची मात्रा दर किलो वजनामागे एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम अशी असते. दोन मात्रांमध्ये किमान चार, शक्यतो सहा तासांचे अंतर हवे आणि मुलाला चोवीस तासांत दर किलोमागे ६० मिलिग्रॅमहून अधिक जाऊ नये. खरी गडबड बाटलीवर होते. आपल्याकडे पाच मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम, पाच मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम आणि एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम अशा तिन्ही प्रकारची पातळ औषधे मिळतात आणि तिन्हींच्या खोक्यांवर तसेच हसरे बाळ असते. १२ किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम द्यायचे असतील तर पहिल्या बाटलीतले साडेसात मिलिलिटर, दुसरीतले सुमारे साडेतीन मिलिलिटर आणि थेंबांचे फक्त पावणेदोन मिलिलिटर लागतात. "मागच्या वेळी साडेसात दिले होते" म्हणून थेंबांच्या बाटलीतले साडेसात मिलिलिटर दिले, तर मुलाच्या पोटात ७५० मिलिग्रॅम जातात, म्हणजे चौपटीहून अधिक. हे यकृतासाठी घातक आहे. आम्ही तेव्हापासून बाटलीवर जाड पेनने मिलिग्रॅम आणि मुलाची मात्रा लिहून ठेवतो. चहाच्या चमच्याने औषध देऊ नये. मापाची टोपी किंवा सुई नसलेली सिरिंज वापरावी. मात्रा दिल्यावर वीस मिनिटांच्या आत सगळी उलटी झाली तर पुन्हा द्यावी का, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे.

मोठ्या माणसाला ६५० मिलिग्रॅमची गोळी सहा तासांच्या अंतराने, दिवसाला चारपर्यंत, सामान्यतः पुरते. यकृताचा आजार असणाऱ्यांनी आणि नियमित मद्यपान करणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय इतकीही घेऊ नये. सर्दीच्या बहुतेक संमिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल लपलेले असते, हे वेष्टनामागची बारीक अक्षरे वाचल्याशिवाय कळत नाही.

पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत डेंग्यू नाही हे सिद्ध होईपर्यंत पुण्यातला प्रत्येक कडक ताप डेंग्यूचा समजावा, असे मला वाटते. त्यामुळे आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक अॅसिड, डायक्लोफेनॅक आणि अॅस्पिरिन ही औषधे स्वतःच्या मनाने अजिबात घेऊ नयेत. त्यांनी जठराला इजा होते आणि डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका वाढतो. फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या मुलांना अॅस्पिरिनमुळे मेंदू आणि यकृताला ग्रासणारा राय सिंड्रोम होऊ शकतो. बारा वर्षांखालील मुलांना निमेसुलाइड देण्यावर भारतात २०११ पासून बंदी आहे, तरीही "मागच्या वेळी याने लगेच उतरला होता" म्हणून जुनी बाटली पुढे करणारे शेजारी भेटतात. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत. फ्लूवर मात्र ऑसेल्टामिव्हिर हे औषध आहे आणि ते पहिल्या ४८ तासांत सुरू केले तर सर्वाधिक उपयोगी पडते, म्हणून गरोदर स्त्रिया, वृद्ध, दमेकरी, मधुमेही आणि अगदी लहान मुले यांनी फ्लूच्या दिवसांत "तीन दिवस बघू" असे म्हणू नये. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यातच झाला होता. नायडू रुग्णालयासमोरच्या तेव्हाच्या रांगा ज्यांनी पाहिल्या, त्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही.

अंग पुसणे, पट्ट्या आणि कोलन वॉटर

सासूबाईंना कोलन वॉटर सापडले नाही, हे बरेच झाले. त्यात अल्कोहोल असते आणि लहान मुलांच्या त्वचेतून व श्वासातून ते शरीरात जाऊ शकते. बर्फाच्या पाण्याने पुसणेही चुकीचे आहे. मेंदूतले बटण १०४ वर असताना बाहेरून गार पाणी लावले की त्वचेतल्या रक्तवाहिन्या आक्रसतात, मुलाला हुडहुडी भरते आणि त्या थरथरीतून आणखी उष्णता तयार होते.

पुसायचेच असेल तर आधी पॅरासिटामॉल द्यावे, अर्धा तास थांबावे, म्हणजे बटण खाली यायला लागते, आणि मग हाताला कोमट लागणाऱ्या पाण्यात पंचा बुडवून, पिळून, मान, काखा, जांघा, पाठ आणि पाय पुसावेत. केवळ कपाळावरच्या मिठाच्या पाण्याच्या पट्टीने बरे वाटते, ताप फारसा उतरत नाही. मुलाला थंडी वाजू लागली किंवा ते रडून विरोध करू लागले तर पुसणे थांबवावे. खोलीची खिडकी उघडी, पंखा मंद आणि अंगात एक सुती कपडा, एवढे पुरेसे आहे. थंडी वाजत असताना हलकी चादर जरूर द्यावी, ती थांबली की काढावी.

झटका आला तर

सहा महिने ते पाच वर्षे या वयातल्या शंभर मुलांपैकी दोन ते पाच जणांना कधीतरी तापात झटका येतो. तो पाहणे भयंकर असते, परंतु बहुतेक वेळा तो पाच मिनिटांच्या आत आपोआप थांबतो आणि मागे काही ठेवत नाही. मुलाला जमिनीवर एका कुशीवर वळवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत, घड्याळात वेळ पाहावी. दातखीळ उघडायला चमचा घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत, तोंडात पाणी किंवा औषध घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात जी मिनिटे जातात, तेवढ्यात कोणीतरी झटक्याचा व्हिडिओ काढला तर डॉक्टरांना त्याचा खरा उपयोग होतो. पहिल्या झटक्यानंतर मूल पूर्ण शुद्धीवर आले तरी त्याला तपासून घ्यावे. मेंदूज्वर नाही ना, हे पाहावेच लागते.

पाणी आणि वही

कडक तापात घामातून आणि वेगवान श्वासातून पाणी जाते, शिवाय माणूस पीत नाही. ओआरएसच्या मोठ्या पाकिटात एक लिटर पाणी लागते, लहान पाकिटात २०० मिलिलिटर. कमी पाणी घातल्यास क्षार प्रमाणाबाहेर होतात. मिळणारी सगळीच रंगीत गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हेत. ताक, भाताची पेज, मुगाचे कढण, शहाळे, लिंबूपाणी यांपैकी जे घशाखाली उतरेल ते द्यावे. उलटी होत असेल तर दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा पाजत राहावे. एका तासात असे वीस-पंचवीस चमचे पोटात जातात आणि बहुधा ठरतात. जेवणाचा आग्रह मात्र धरू नये.

डॉक्टरांनी त्या रात्री फोन ठेवताना सांगितले: "एक वही करा." मी मुलाच्या गणिताच्या वहीचे शेवटचे पान उघडले आणि पाच रकाने आखले: वेळ, ताप, औषध, प्यायलेले पाणी, लघवी. पहिल्या ओळीत तापाचा दिवस लिहिला, कारण सगळ्या तपासण्यांचा अर्थ त्या दिवसावर अवलंबून असतो. डेंग्यूची एनएस१ तपासणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी असते, आयजीएम प्रतिपिंडे साधारण पाचव्या दिवसानंतर सापडू लागतात. पहिल्या दिवशीची रक्तगणना पुष्कळदा सामान्य येते; पुढे आधी पांढऱ्या पेशी उतरतात आणि मग प्लेटलेट्स.

हे माहीत नसल्यामुळे आमची एक चूक झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे डॉक्टर बाहेरगावी होते म्हणून आम्ही दुसऱ्या एका दवाखान्यात गेलो. तेथे टायफॉइडसाठीची विडाल ही रक्ततपासणी करून "टायफॉइड आहे" असे सांगण्यात आले आणि प्रतिजैविकाची चिठ्ठी हातात पडली. तापाच्या दुसऱ्या दिवशीची विडाल निरर्थक असते, कारण टायफॉइडची प्रतिपिंडे तयार व्हायलाच आठवडाभर लागतो आणि जुन्या संसर्गामुळे किंवा लसीमुळेही ती सौम्य प्रमाणात सकारात्मक येते. टायफॉइडची शंका असेल तर प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तातले जिवाणू वाढवून ओळखण्याची तपासणी, करायला हवे. संध्याकाळी फोनवर आमच्या डॉक्टरांनी एनएस१ करायला सांगितले. ती सकारात्मक आली.

ताप उतरण्याचा दिवस

चौथ्या दिवशी दुपारी ताप ९९ वर आला. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली, मीही दोन रात्रींनंतर अंग टेकले. मुलगा सोफ्यावर पडून होता, टीव्ही चालू होता, पण तो बघत नव्हता. पोट दुखते असे एकदा म्हणाला. आम्हाला वाटले, उपाशी आहे. चारच्या सुमारास वहीत ताप लिहिताना लघवीचा रकाना सकाळी आठपासून कोरा दिसला.

डेंग्यूत ताप उतरतो त्याच सुमारास, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांचा धोक्याचा काळ सुरू होतो. सूक्ष्म रक्तवाहिन्या झिरपू लागतात, रक्तातले पाणी पोटाच्या आणि छातीच्या पोकळीत जाते आणि उरलेले रक्त घट्ट होते. म्हणूनच ताप उतरल्यावर पोटात सतत दुखणे, दिवसभरात तीन-चार उलट्या, हिरड्यांतून रक्त, अस्वस्थपणा किंवा असाधारण मरगळ, गार घामट हातपाय आणि कमी लघवी यांपैकी काहीही दिसले तर त्याच तासाला रुग्णालय गाठावे. तापात नाडी जलद असणे स्वाभाविक आहे, कारण एक अंश सेल्सिअसमागे ती दहाएक ठोक्यांनी वाढते. ताप गेल्यावरही ती धावत असेल तर शरीर पाण्याअभावी झगडत आहे, असे समजावे.

रुग्णालयात त्याचा हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्ताच्या घट्टपणाचा आकडा, ३६ वरून ४४ वर गेलेला निघाला. प्लेटलेट्स ६२ हजार होत्या आणि नातेवाइकांचे सगळे फोन त्यांच्याचविषयी होते: पपईच्या पानांचा रस, बकरीचे दूध, किवी. डॉक्टरांनी प्लेटलेट्स चढवल्या नाहीत. रक्तस्राव नसेल तर त्या सहसा दहा हजारांच्या खाली गेल्याशिवाय देत नाहीत. त्यांनी सलाइनचा वेग तासातासाला बदलला आणि हिमॅटोक्रिट पुन्हा पुन्हा तपासला. दीड दिवसात तो मूळपदावर आला. कच्चे बकरीचे दूध तर मुळीच देऊ नये, त्यातून ब्रुसेलोसिससारखा वेगळाच ताप घरात येतो.

सगळेच विषाणू असे वागत नाहीत. सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळांना होणाऱ्या रोझिओलात तीन ते पाच दिवस १०३ ते १०५ ताप असतो, बाळ मध्येच खेळतेही, आणि ताप गेल्यावर अंगावर गुलाबी पुरळ येते. ते औषधाची अॅलर्जी समजून लोक घाबरतात, खरे तर तेव्हा आजार संपलेला असतो. फ्लूमध्ये ताप जाऊन दोन-तीन दिवसांनी खोकल्यासह पुन्हा चढला तर मात्र मागून आलेला न्यूमोनिया शोधावा लागतो.

विषाणू नसेल तर

आकडा १०५ च्या पुढे असेल तर घरच्यांनी डॉक्टरांना काही गोष्टी न विचारता सांगाव्यात. गेल्या तीन आठवड्यांत कोकणात किंवा शेतावर जाणे झाले होते का, पाण्यातून चालणे झाले का, गोचीड चावली का, अंगावर काळी खपली आहे का. त्यातून लेप्टोस्पायरोसिस, स्क्रब टायफस, मलेरिया आणि सिंधुदुर्गातला माकडताप यांचा विचार करता येतो. मुलींमध्ये आणि बाळांमध्ये खोकला-सर्दी नसलेला कडक ताप पुष्कळदा मूत्रसंसर्गाचा असतो. मानसिक आजारावरची औषधे चालू असतील तर तेही सांगावे, कारण त्यांच्यापैकी काहींमुळे स्नायू ताठ होऊन अतिज्वर येऊ शकतो.

एका बाबतीत वर सांगितलेले नियम पूर्ण उलटे होतात. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा बांधकामावरचा मजूर, उन्हात उभा असलेला वाहतूक पोलिस, बंद गाडीतले मूल किंवा पत्र्याच्या खोलीतली आजी यांना १०४ च्या वर तापमान असेल आणि ते भ्रमिष्टासारखे बोलत असतील किंवा बेशुद्ध असतील, तर तो उष्माघात समजावा. येथे मेंदूतले बटण जागेवरच असते, शरीरालाच उष्णता बाहेर टाकता येत नाही. म्हणून पॅरासिटामॉलचा काही उपयोग होत नाही आणि कोमट पाण्याची वाट पाहायची नसते. माणसाला सावलीत आणून कपडे काढावेत, मिळेल त्या गार पाण्याने भिजवावे, जोरात वारा घालावा, काखा-मान-जांघांत बर्फ ठेवावा आणि १०८ येईपर्यंत हे थांबवू नये.

घरी परतल्यावर

आजारातून उठताना डेंग्यूच्या रुग्णाच्या तळहाता-तळपायांना प्रचंड खाज सुटते आणि लालसर त्वचेवर पांढरे ठिपके राहतात. दोन-तीन दिवसांत ते जाते. औषधाशिवाय पूर्ण चोवीस तास ताप नसल्याशिवाय मुलाला शाळेत पाठवू नये, आणि नंतरही पंधरवडाभर खेळाचा तास टाळावा. थकवा, केस गळणे, चिकुनगुन्या असेल तर महिनोन्‌महिने सांधे धरणे, हे पुढचे हिशेब असतात.

घरात एकाला डेंग्यू किंवा चिकुनगुन्या झाला असेल तर ताप असेपर्यंत त्याला दिवसाही मच्छरदाणीत झोपवावे. एडिस डास दिवसा चावतो आणि तापातल्या माणसाला चावलेला डास साधारण आठ-दहा दिवसांनी शेजारच्यांना तोच विषाणू देऊ लागतो. आमच्या घरी पाहुणे मुलाला भेटायला येत होते तेव्हा मी त्यांच्यासाठी पाणी काढायला गेले आणि सहज फ्रिजच्या मागचा ट्रे ओढून पाहिला. त्यात बोटभर पाणी होते आणि पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या होत्या. आता दर रविवारी तो ट्रे, कूलर, मनीप्लांटची बाटली आणि गॅलरीतल्या कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करून घासून कोरड्या करतो, आणि त्याचाही रकाना त्याच वहीत आखला आहे.